हौसेचा घण आणि जन्माचा घण

माझा जन्म घिसाड्याच्या पालात झाला. वडील सांडशीत लोखंड धरीत आणि आई समोर उभी राहून घण मारी. आमच्यात घण बाईच्या हाती असतो, याचे गावकऱ्यांना नवल वाटे. आम्हाला त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. पुढे मी शाळेत गेलो, शिक्षक झालो, आणि त्यानंतर घणाला हात लावला नाही. हे मी ठरवून केले. त्याची मला खंत नाही. असे असून आज लोहारकामावर लिहायला बसलो आहे, त्याला कारण माझा भाचा.

भाचा आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षण घेतो. दिवाळीच्या सुटीत त्याने आपल्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. अमेरिकेतला एक गृहस्थ घरामागच्या शेडमध्ये ऐरण मांडून ट्रकच्या कमानपाट्याची सुरी घडवीत होता. कमानपाटा पाहताच आईने ओळखला. आमचे विळे आणि कुऱ्हाडीही त्याच भंगारातून निघाल्या. थोडा वेळ पाहून ती म्हणाली, "गार पडल्यावर मारतोय. फुटंल." मग विचारले, "कोण हाय ह्यो?"

"दातांचा डॉक्टर आहे आजी. हौसेनं करतो. शिकायला पैसे भरलेत त्यानं."

आई म्हणाली, "पैसं भरून? मग त्याला गावात घर असंल."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. एकच काम एकाला हौस म्हणून मिळते आणि दुसऱ्याला जन्म म्हणून मिळते, हे कसे घडते? या प्रश्नाच्या मागे लागून मी अमेरिकेतील हौशी लोहारांचा इतिहास वाचला. तो आपल्या कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी समजून घ्यावा असा आहे, म्हणून येथे मांडतो.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या प्रत्येक गावात लोहार होता. घोड्याचे नाल, गाडीच्या धावा, नांगराचे फाळ, दाराच्या बिजागऱ्या हे सारे त्याच्याकडून होई. कारखान्याचा तयार माल आला, मोटारी आणि ट्रॅक्टर आले, विजेचे वेल्डिंग आले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही दुकाने बहुतेक बंद पडली. धंदा संपला आणि त्यानंतर हौस सुरू झाली. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १९६९ साली ॲलेक्स बीलर या अटलांटाच्या गृहस्थाने लोहारकलेवर एक सविस्तर पुस्तक लिहिले. पोटासाठी घण मारणारा हा माणूस नव्हता. १९७० मध्ये दक्षिण इलिनॉय विद्यापीठात ब्रेंट किंग्टन या धातुकलेच्या प्राध्यापकाने त्याला बोलावून कार्यशाळा घेतली, आणि त्या विद्यापीठात लोहारकाम हा पदवीच्या पुढचा अभ्यासविषय झाला. १९७३ मध्ये जॉर्जिया राज्यातील लम्पकिन येथे मूठभर लोक जमले आणि त्यांनी उत्तर अमेरिकेच्या कलावंत लोहारांची संघटना स्थापन केली. ब्रिटनमध्ये अशी संघटना १९७८ साली निघाली. १९७९ मध्ये मेम्फिस शहरात धातुकामाचे स्वतंत्र संग्रहालय उघडले. २०१५ पासून तर दूरदर्शनवर सुऱ्या आणि तलवारी घडविण्याच्या स्पर्धा होऊ लागल्या आणि हा छंद घरोघरी पोचला.

या मंडळींची एक गोष्ट मला मनापासून आवडली. त्यांच्या मेळाव्यात जाणता लोहार सर्वांसमोर भट्टी पेटवून काम करून दाखवतो आणि बाकीचे वह्या काढून टिपून घेतात. लोखंडाला पाणी केव्हा द्यायचे, जोड कसा मारायचा, यातले काही झाकून ठेवायचे नाही असा तेथे रिवाज आहे. येताना प्रत्येकजण स्वतः घडवलेली एखादी वस्तू किंवा अवजार आणतो, त्यांची सोडत काढतात आणि जमलेला पैसा संघटनेला जातो. फ्रान्सिस व्हिटेकर हा जुन्या पिढीतील नामांकित लोहार १९९९ साली, नव्वदी ओलांडून वारला. शेवटच्या वर्षांपर्यंत तो हौशी पोरांना शिकवीत होता. शिकणाऱ्याला तुझा बाप कोण, असे तेथे कोणी विचारीत नाही. ज्या देशात विद्या जातीच्या कुंपणात कोंडली गेली, त्या देशातल्या माणसाला याचे मोल सांगावे लागत नाही.

परंतु येथे थांबून चालणार नाही. १९७३ ची ती पहिली बैठक लम्पकिनला जेथे झाली, ते ठिकाण वेस्टव्हिल नावाचे प्रदर्शनी खेडे होते. १८५० सालचे जॉर्जियातील गाव कसे असेल, हे प्रेक्षकांना दाखवण्यासाठी जुनी घरे आणून ते उभारले होते. आता १८५० च्या जनगणनेकडे पाहा. त्या वर्षी जॉर्जियाची लोकसंख्या सुमारे ९ लाख होती आणि त्यांतील ३ लाख ८१ हजारांहून अधिक माणसे गुलाम होती. तेव्हा जुन्या काळची ऐरण पुन्हा वाजवायची, तर ती कोणाच्या हातून वाजत होती हे विचारावेच लागते.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ निग्रोंच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. लम्पकिनच्या बैठकीच्या बरोबर शंभर वर्षे आधीची ही गोष्ट. फुल्यांचा वाचक म्हणून हा प्रश्न विचारण्याचा मला अधिकार आहे असे मी मानतो.

दक्षिणेतील मळ्यांवर आणि शहरांत लोहारकामाचा मोठा वाटा काळ्या गुलामांचा होता. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, असे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनने १७९४ साली मॉन्टिसेलो येथील आपल्या मळ्यावर खिळे घडवण्याचा कारखाना काढला. त्यात १० ते १६ वर्षांची गुलाम मुले घण मारीत. कोणत्या मुलाला किती लोखंड दिले आणि त्याने किती खिळे काढले, याचे वजन जेफरसन स्वतः वहीत मांडीत असे. लोखंड वाया घालवणाऱ्या मुलाचे नाव त्यात सापडते, पण त्याच्या मजुरीचा आकडा सापडणार नाही.

चार्लस्टन शहरात मालक आपल्या गुलाम कारागिरांना दुसऱ्यांकडे भाड्याने देत. अशा गुलामाने नगरपालिकेचा तांब्याचा बिल्ला बाळगायचा असा कायदा होता. बिल्ल्यावर शहराचे नाव, वर्ष, क्रमांक आणि कामाचा प्रकार ठोकलेला असे: कारागीर, हमाल, कोळी, नोकर. माणसाचे नाव नसे. हे बिल्ले आज संग्रहालयांत आहेत. त्यांची छायाचित्रे पाहताना मला आपल्याकडचे जुने आडनावांचे रजिस्टर आठवले. त्यातही नावापुढे काम लिहिलेले असे आणि ते काम पोराच्या नावापुढेही आपोआप चढे.

याच लोहारांतून बंडखोरही निघाले. व्हर्जिनियात रिचमंडजवळ गॅब्रिएल नावाचा एक गुलाम लोहार होता. त्याला लिहितावाचता येई. भाड्याने काम करण्यासाठी तो गावोगाव फिरे, म्हणून त्याची माणसे जोडलेली होती. १८०० साली त्याने आणि त्याच्या भावाने गवत कापायच्या मोठ्या विळ्यांची पाती तोडून तलवारी घडवल्या आणि रिचमंडवर चालून जाण्याचा बेत आखला. ऑगस्टच्या ३० तारखेला भयंकर पाऊस झाला, ओढ्यांना पूर आले, बेत फुटला. ऑक्टोबरमध्ये गॅब्रिएलला फाशी दिले.

गुलामी गेली तरी ऐरण राहिली. फिलिप सिमन्स या काळ्या लोहाराचा जन्म १९१२ सालचा, चार्लस्टनजवळच्या डॅनियल बेटावरचा. तेराव्या वर्षी तो पीटर सिमन्स या वृद्ध लोहाराच्या हाताखाली लागला. आडनाव एक असले तरी दोघांचे रक्ताचे नाते नव्हते. पीटर स्वतः गुलामीत जन्मलेला होता. प्रथम नाल आणि गाडीकाम केले. मोटारींनी ते काम खाल्ले तेव्हा फिलिप शोभेच्या फाटकांकडे वळला आणि चार्लस्टनभर त्याने पाचशेहून अधिक फाटके, कठडे, जाळ्या घडवल्या. ख्रिस्तोफर गॅड्सडेन या जुन्या पुढाऱ्याच्या घराचे सापाच्या नक्षीचे फाटक त्याचेच. याच गॅड्सडेनने बांधलेल्या धक्क्यावर आफ्रिकेतून आणलेली हजारो माणसे गुलाम म्हणून उतरवली गेली होती. १९८२ साली अमेरिकन शासनाने फिलिपला राष्ट्रीय वारसा सन्मान दिला. २००९ मध्ये तो वारला. त्याचे घर आणि दुकान आज स्मारक म्हणून जपले आहे. ज्याच्या गुरूपर्यंत बहुतेकांची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत, त्या परंपरेतला हा माणूस आपल्या नावाने ओळखला गेला.

हौशी लोहारांना मी दोष देत नाही. कोणावर अन्याय करावा म्हणून त्यांनी भट्टी पेटवलेली नाही. पण हौस ही भूक भागल्यावरची गोष्ट आहे, आणि ज्याच्या मानेवरचे जू निघाले त्यालाच ती परवडते, एवढे त्यांच्या इतिहासातून शिकता येते.

आता आपल्याकडे पाहू. गावचा लोहार बलुतेदार होता. त्याला फाळ शेवटून दिल्याबद्दल सुगीत धान्य मिळे. आम्ही घिसाडी त्या व्यवस्थेच्याही बाहेर. बैलगाडीवर संसार, गावकुसाबाहेर पाल, काम संपले की पुढचे गाव. राज्याच्या यादीत आम्ही भटक्या जमातींत येतो. मात्र जातीचा दाखला मागायला गेलो की १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्या म्हणतात. जो पिढ्यान्‌पिढ्या एका गावी राहिलाच नाही, त्याने कोणत्या गावचा पुरावा द्यावा? बाबासाहेबांनी १९३६ सालीच जातिसंस्थेच्या समर्थकांना बजावले होते की, ही श्रमांची वाटणी नसून श्रमिकांचीच उतरंड आहे, आणि जे काम माणसाने आवडीने निवडलेले नाही त्यात त्याचे मन रमत नाही, बुद्धीही चालत नाही. पालातल्या कोणाही पोराला विचारा, हे पटेल.

तरीही जन्माचा धंदा चिकटवून ठेवण्याची हौस सरकारला आहेच. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने विश्वकर्मा योजना आणली. लोहार, सुतार, कुंभार, चांभार अशा १८ व्यवसायांना प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि कर्ज. पैसा गरिबाला हवाच आहे, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण योजनेची भाषा कुटुंबाच्या परंपरागत व्यवसायाची आहे. तामिळनाडू सरकारने २०२४ मध्ये नेमका याच अटीवर आक्षेप घेतला, योजना नाकारली, आणि जातीची व घराण्याची अट नसलेली स्वतःची योजना आणली. लोहारकी शिकण्यासाठी अमेरिकेतल्या दंतवैद्याला बापाचा धंदा सांगावा लागत नाही; आपल्याकडे पोराला तोच पहिल्यांदा सांगावा लागतो.

भाच्यालाही एकाने सुचवले होते, "तुमचा तर धंदाच आहे, अर्ज भरून टाक." तो मला विचारायला आला, "मामा, भरू का?" मी म्हटले, "तुला लोहार व्हायचंय का?" तो गप्प राहिला. मग म्हणाला, "मला फिटर व्हायचंय. पण त्या डॉक्टरासारखी एक सुरीही घडवून बघायचीय." या दोन वाक्यांत मला विसंगती दिसत नाही. काम सोडण्याचा हक्क ज्याला मिळाला, त्यालाच ते पुन्हा उचलण्याचा आनंद मिळू शकतो. आपल्या चळवळीने पहिल्या हक्कासाठी झगडा केला, तो योग्यच होता. पण आपल्या आयाबापांच्या हातांत जे ज्ञान होते, ते लाजेपोटी मातीत जाऊ द्यायचे काय, याचाही विचार आता केला पाहिजे. हौशी लोहार पोलाद पुरेसे तापले की नाही हे चुंबक लावून पाहतो; सुमारे ७७० अंशांवर लोखंडाला चुंबक धरीत नाही. माझी आई ते अंधाऱ्या पालात लोखंडाच्या रंगावरून ओळखते. हे तिने कोणत्या विद्यापीठात शिकलेले नाही, आणि कोणी तिच्यासमोर वही काढून बसलेले नाही.

सुटी संपता संपता भाचा तिच्यापुढे जाऊन बसला. "आजी, रंग कसा वळखायचा ते मला शिकव."

आईने त्याच्या हातांकडे पाहिले. म्हणाली, "आधी नोकरीचं बघ. मग ये, शिकवते."