उमेदवाराला काय विचारावे?



चैत्र-वैशाख हे देवगडकरांचे सर्वांत धावपळीचे दिवस. दिवसा बागेत आंबा उतरवायचा, रात्री पेट्या भरायच्या आणि त्या वेळेवर मुंबईकडे धाडायच्या, अशा घाईतून वेळ काढून आपण येथे आलात याची आम्हांला जाणीव आहे. म्हणून आरंभीच विषय सांगून टाकतो. निवडणूक आली की उमेदवार गावात येतो, मांडवात बसतो, आणि आपण त्याला प्रश्न विचारतो. त्या प्रश्नोत्तरांतून त्याच्या मनात खरोखर काय आहे ते आपल्याला कळते काय? कळत नसेल, तर दोष त्याच्या उत्तराचा की आपल्या प्रश्नाचा? आमचे म्हणणे असे की दोष पुष्कळदा प्रश्नाचा असतो. आणि गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या आपल्या इतिहासात याचे दाखले विपुल सापडतात.

"आमच्या भागाचा विकास करणार काय?" या प्रश्नाला "नाही" असे उत्तर देणारा उमेदवार आजवर कोणी पाहिला आहे काय? ज्या प्रश्नाला सगळे उमेदवार एकच उत्तर देतात, तो प्रश्न त्यांच्यातून एकाची निवड करण्याच्या कामी निरुपयोगी होय. आंब्याचा जाणता गिऱ्हाईक पेटीचा वरचा थर पाहून सौदा करीत नाही. तो खालच्या थराला हात घालतो. मताच्या बाबतीत मात्र आपण वरच्या थरावर समाधान मानतो.

खालच्या थराला हात कसा घालावा, याचा पहिला धडा आपल्याला १८८५ साली मिळाला. त्या वेळी आपल्याला मताचा अधिकार नव्हता. हिंदुस्थानचे भवितव्य ठरत होते ब्रिटिश पार्लमेंटात. त्या वर्षी विलायतेत सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा मुंबई, बंगाल आणि मद्रास येथून तीन प्रतिनिधी तिकडे गेले. मुंबईच्या वतीने गेले ते नारायण गणेश चंदावरकर. हिंदुस्थानविषयी सदिच्छा प्रकट करायला कोणत्याही इंग्रज उमेदवाराची हरकत नव्हती. म्हणून येथील पुढाऱ्यांनी वेगळी कसोटी लावली: हिंदुस्थानच्या प्रश्नांवर या गृहस्थाचे आजवरचे वर्तन काय? त्या कसोटीवर जॉन ब्राइट, लालमोहन घोष यांसारखे उमेदवार हितचिंतक ठरले. मुंबईचे माजी गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांचे नाव विरोधकांत गेले. निकाल आपल्या मनासारखा लागला नाही. घोष डेप्टफर्डमध्ये पडले आणि टेंपलसाहेब निवडून आले. परंतु कसोटी योग्यच होती. उमेदवार पुढे काय करील हे विचारण्याआधी मागे त्याने काय केले ते पाहावे, हा तो धडा.

दुसरा धडा कायदेमंडळाच्या इतिहासातला. १८९२ च्या कायद्याने हिंदी सभासदांना सरकारला प्रश्न विचारण्याचा हक्क प्रथम मिळाला. पण हा हक्क अर्धा होता. सरकारने एक गुळमुळीत उत्तर वाचून दाखवले की विषय संपला. त्यावर उलट विचारण्याची सोय नव्हती. कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले १९०२ पासून वरिष्ठ कायदेमंडळात होते. अंदाजपत्रकावरील त्यांच्या भाषणांनी सरकारला घाम फुटे. परंतु पुरवणी प्रश्नाचा हक्क मिळाला तो १९०९ च्या सुधारणांनंतर, आणि तोही फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्यालाच. राज्यकर्ते पहिल्या प्रश्नापेक्षा दुसऱ्या प्रश्नाला अधिक भीत होते, हे यावरून उघड होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाठ करून येता येते. दुसरा प्रश्न त्या उत्तरातूनच निघत असल्यामुळे त्याची तयारी घरी करता येत नाही. आपल्या सभांत मात्र एकाने एक प्रश्न विचारावा, टाळ्या पडाव्या आणि ध्वनिक्षेपक पुढच्या माणसाकडे जावा, अशी रीत पडून गेली आहे. म्हणजे १९०९ साली मिळालेला हक्क आपण आपणहून सोडून दिला आहे.

आता आपल्या स्मरणाच्या जवळ येऊ. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात "तुम्हांला संयुक्त महाराष्ट्र हवा काय?" असे विचारले असते, तर काँग्रेसच्या मराठी पुढाऱ्यांपैकी बहुतेकांनी "हवा" असेच म्हटले असते, आणि ते खोटेही नव्हते. खरा प्रश्न निराळा होता. महाराष्ट्र आणि पक्षश्रेष्ठी यांत विरोध आला तर कोणाकडे जाल? यशवंतराव चव्हाणांनी १९५५ च्या अखेरीस फलटण येथे याचे उत्तर दिले. पंडित नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांत निवड करण्याची वेळ आली तर आपण नेहरूंची निवड करू, असे त्यांनी सांगितले. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. त्याच प्रश्नाचे दुसरे उत्तर रायगडच्या मातीतून आले. त्या वेळच्या कुलाबा मतदारसंघाचे खासदार आणि केंद्राचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी जुलै १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा दिला. दोघेही मराठी, दोघेही एकाच पक्षाच्या बाजूचे, "हवा काय?" या प्रश्नापुढे दोघांत काडीचा फरक दिसला नसता. दोन इष्ट गोष्टी एकमेकींपुढे उभ्या केल्या तेव्हाच फरक दिसला.

१९५७ च्या निवडणुकीत मतदारांनी हाच प्रश्न घरोघर विचारला. आपल्या राजापूर मतदारसंघातून बॅरिस्टर नाथ पै लोकसभेवर गेले, ते १९७१ मध्ये निधन होईपर्यंत. चव्हाण कऱ्हाडला थोड्या मतांनी तरले. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा त्याचे पहिले मुख्यमंत्री चव्हाणच होते, आणि दिल्लीचे मन वळवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. तेव्हा एका प्रश्नाच्या उत्तरावरून माणसाचे सारे भविष्य वाचता येत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. संयुक्त महाराष्ट्र समितीचेही तसेच. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामकरी पक्ष, रिपब्लिकन, हिंदुत्ववादी असे सारे एका प्रश्नावर एकत्र आले. राज्य स्थापन झाल्यावर त्यांच्या वाटा अलग झाल्या. एकच प्रश्न फार मोठ्याने विचारला की बाकीचे प्रश्न ऐकू येईनासे होतात.

याच्या उलट बाजूचा दाखला आपल्या शेजारी गोव्यात घडला. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. पक्षाच्या नावातच महाराष्ट्र. तेव्हा गोव्याने विलीनीकरणाचा कौल दिला असा अर्थ अनेकांनी लावला. विरोधकांनी विचारले, लोकांनी विलीनीकरणाला मत दिले की कुळांच्या, बहुजनांच्या कैवाऱ्याला? एका मतात अनेक प्रश्नांची उत्तरे कालवलेली असतात, हे त्यांचे म्हणणे दिल्लीला पटले. १६ जानेवारी १९६७ रोजी एवढ्या एकाच प्रश्नावर जनमत कौल घेण्यात आला. विलीनीकरणासाठी फूल, केंद्रशासित प्रदेशासाठी दोन पाने, अशा खुणा होत्या. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. आणि त्याच मार्च महिन्यात निवडणूक झाली तेव्हा त्याच मतदारांनी बांदोडकरांच्याच हाती पुन्हा राज्य दिले! यात विसंगती काही नाही. प्रश्न वेगळे केले म्हणून उत्तरे वेगळी आली. परंतु त्या कौलातही एक उणीव होती. गोव्याचे स्वतंत्र राज्य असा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता. आणि ३० मे १९८७ रोजी घडले ते नेमके तेच. प्रश्न घडवणाऱ्याने जे उत्तर बाहेर ठेवले तेच शेवटी इतिहासाने दिले. म्हणून "अमुक की तमुक" असे विचारल्यावर "याहून निराळे काही तुमच्या मनात आहे काय?" असेही विचारावे.

आता घरचाच दाखला घेऊ. कोकणात रेल्वे यावी याला विरोध करून कोकणात मते मागणारा उमेदवार आम्हांला ठाऊक नाही. तरी कित्येक दशके रेल्वे आली नाही. कारण "रेल्वे हवी काय?" हा प्रश्न कधीच अवघड नव्हता. अवघड होता तो आपल्या बोलीतला साधा सवाल: "पैसे खयसून हाडतलात?" त्याचे उत्तर १९९० साली मिळाले. तेव्हा राजापूरचे खासदार मधु दंडवते केंद्रात अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते. त्या वर्षी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. त्याच्या भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६. उरलेला पैसा कर्जरोखे काढून उभा करायचा, असे ठरले. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग सुरू झाला. देवगडकराला आजही कणकवली किंवा नांदगावला उतरून मोटारीने समुद्राकडे यावे लागते, ही गोष्ट निराळी. परंतु ज्या आश्वासनामागे पैशाचा हिशेब नसतो ते आश्वासन म्हणजे नुसती इच्छा, हे कोकण रेल्वेने आपल्याला शिकवले.

हे चार धडे घेऊन आपल्या बंदरावर उतरू. "मच्छीमारांचे हित पाहणार काय?" असे विचारले की प्रत्येक उमेदवार "अवश्य" म्हणतो. पण कोणत्या मच्छीमाराचे? एकीकडे रापण ओढणारे आणि लहान होड्यांवर जाणारे. दुसरीकडे पर्ससीनची यांत्रिक नौका, जी मासळीचा सबंध थवाच वेढते. २०१६ साली राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले, आणि २०१७ साली केंद्राने प्रखर दिवे लावून केल्या जाणाऱ्या मासेमारीला बंदी केली. तरी भांडण मिटले नाही, कारण दोन्ही बाजूंना आपलीच माणसे आहेत. मोठ्या नौकेवर कर्ज आहे, खलाशांचे पोट आहे. येथे विचारायचा प्रश्न असा: "निर्बंध मोडणारी नौका पकडली गेली आणि तिचा मालक तुमच्या पक्षाचा कार्यकर्ता निघाला, तर तुम्ही अधिकाऱ्याच्या पाठीशी राहाल की नौका सोडवण्यासाठी दूरध्वनी कराल?" "कायद्याप्रमाणे होईल" असे उत्तर येईल. मग पुरवणी प्रश्न: "मागे अशी नौका पकडली गेली तेव्हा तुम्ही काय केलेत?" आणि त्यानंतर: "गस्तीची नौका वाढवायची तर पैसा कोठून आणाल?" एवढ्यावर बराचसा माणूस उघडा होतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो जुना आहे. १७७४ साली एडमंड बर्क याने ब्रिस्टलच्या मतदारांना सांगितले होते की प्रतिनिधीने आपली विवेकबुद्धी मतदारांच्या हुकमाला विकू नये. आम्हांला हे मान्य आहे. प्रश्न विचारणे म्हणजे उमेदवाराकडून शपथ लिहून घेणे नव्हे. त्याची विवेकबुद्धी कोणत्या दिशेने चालते ते जाणून घेण्याचा आपला हक्क आहे, एवढेच आमचे म्हणणे. उद्या नवीच अडचण उभी राहील. तिचे उत्तर आज कोणालाही देता येणार नाही. पण आज त्याने दोन बाजू कशा तोलल्या हे पाहिले असेल, तर उद्या तो कसा तोलील याचा अदमास बांधता येतो.

शेवटी एक गोष्ट आपल्या स्वतःविषयी. फलटणचे उत्तर अनेकांना आवडले नाही. पण ते खरे होते, आणि त्यामुळे मतदाराला आपण कोणाला मत देतो आहोत हे कळले. नावडते पण खरे उत्तर देणाऱ्याला आपण सभेत ओरडून खाली बसवले, तर पुढच्या वेळी तो गोड बोलायला शिकेल, आणि त्याची शिकवणी आपणच घेतलेली असेल. मत देऊ नका हवे तर, पण ऐकून घ्या.

आणि ऐकलेले लिहून ठेवा. गावच्या वाचनालयात एक वही ठेवावी. कोणत्या उमेदवाराने कोणत्या तारखेला, कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिले, ते त्यात दोघांच्या सहीने नोंदवावे. पाच वर्षांनी तो पुन्हा मांडवात येईल तेव्हा नवा प्रश्न शोधण्याची गरज पडणार नाही. वही उघडून त्याचेच उत्तर त्याला वाचून दाखवावे आणि विचारावे, "यातले काय झाले?" त्यावर दुसरा प्रश्न विचारण्याचा आपला हक्क मात्र सोडू नये.