पश्च प्रतिवर्ती मस्तिष्कविकृती

मेंदूच्या मुख्यतः मागच्या भागात द्राव साचून येणारी व वेळीच उपचार झाल्यास बहुधा ओसरणारी सूज. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून डॉक्टरमंडळी तिला ‘प्रेस’ म्हणतात. अतिरक्तदाबामुळे मेंदूवर होणाऱ्या परिणामांचे वर्णन ओपनहायमर आणि फिशबर्ग यांनी १९२८ मध्येच केले होते. परंतु वेगळा लक्षणसमूह म्हणून ही विकृती १९९६ मध्ये ज्युडी हिंची व सहकाऱ्यांनी १५ रुग्णांच्या अभ्यासातून मांडली.

रक्तदाब कमी-जास्त झाला तरी मेंदूतील सूक्ष्म धमन्या आकुंचन-प्रसरण करून रक्तप्रवाह स्थिर राखतात. दाब झपाट्याने फार चढला की ही व्यवस्था कोलमडते आणि रक्तवाहिन्यांतून द्राव ऊतींमध्ये पाझरतो. मागच्या भागातील वाहिन्यांना अनुकंपी चेतातंतूंचे संरक्षण कमी असल्याने तिथे सूज अधिक येते, असे मानले जाते. मात्र काही रुग्णांत दाब फारसा वाढलेला नसतो. त्यांच्यात वाहिन्यांच्या अस्तराला झालेली इजा महत्त्वाची ठरते. मूत्रपिंडाचे विकार, ल्यूपससारखे स्वयंप्रतिकार विकार, कर्करोगावरील काही औषधे, तसेच अवयवरोपणानंतर दिली जाणारी सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस यांच्याशी या विकृतीचा संबंध आढळतो.

डोकेदुखी, आकडी, गोंधळलेपण आणि दृष्टिदोष ही प्रमुख लक्षणे. डोळे निरोगी असूनही दिसेनासे होऊ शकते, कारण दृष्टीचे केंद्र मेंदूच्या मागच्या भागात असते. गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीने ‘डोके फार दुखते, अंधुक दिसते’ असे सांगितले, तर ते थकव्यावर किंवा जागरणावर ढकलणे धोक्याचे आहे. तिचा रक्तदाब लगेच मोजला पाहिजे. गर्भाक्षेपातही, म्हणजे गरोदरपणातील अतिरक्तदाबासोबत आकडी येते तेव्हाही, ही सूज आढळते; आणि त्याचे झटके प्रसूतीनंतरही येतात.

निदानाचा मुख्य आधार एमआरआय. पक्षाघातापासून ही सूज वेगळी ओळखणे त्यामुळे शक्य होते. सीटी स्कॅनमध्ये ती निसटू शकते.

रक्तदाब शिरेवाटे औषधे देऊन, पण बेताने उतरवतात. पहिल्या काही तासांत साधारण २० ते २५ टक्क्यांहून अधिक घट टाळतात, कारण दाब एकदम पडला तर मेंदूला रक्त अपुरे पडते. गर्भाक्षेपात मॅग्नेशियम सल्फेट देतात व प्रसूती झाली नसल्यास ती लवकर उरकण्याचा निर्णय घेतात. कारणीभूत औषध थांबवतात किंवा बदलतात.

बहुतेक रुग्ण काही दिवसांत ते आठवड्यांत बरे होतात. उपचारास उशीर झाल्यास किंवा मेंदूत रक्तस्राव झाल्यास मात्र कायमचे अपंगत्व अथवा मृत्यू ओढवू शकतो.