माकडाची आव आणि शतकभराचा घोळ

पनवेलहून उरणकडे निघालं की वाटेत जासई लागतं. याच उरण तालुक्यात, समुद्रात, घारापुरी आहे. तिथल्या लेण्यांइतकीच लक्षात राहतात ती हातातला खाऊ पळवणारी माकडं! अशा एखाद्या माकडाला रक्ती आव झाली, तर ती आपल्याला लागेल का? की आपलीच त्याला लागली असेल? प्रश्न साधा आहे. पण नीट उत्तर द्यायला विज्ञानाला शतक लागलं.

१८७५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये डॉ. लॉश यांनी आवेच्या रुग्णाच्या शौचात अमीबा पाहिला. ते शौच त्यांनी कुत्र्यांना दिलं, तेव्हा एका कुत्र्याला आव झाली. पुढे १९०८ साली कॅस्टेलानी यांनी श्रीलंकेतल्या एका माकडाच्या यकृतातल्या गळवात अमीबा पाहिला. त्याला नाव मिळालं 'एंटअमीबा नटाली'. पण सूक्ष्मदर्शकाखाली तो माणसातल्या अमीबासारखाच दिसे. पक्व कोषात तशीच चार केंद्रकं! तेव्हा अभ्यासकांनी दोन्ही एकच मानले आणि हे नाव मागे पडलं.

१९२५ साली फ्रान्सच्या ब्रूम्प्त यांनी सांगितलं की माणसातही दोन जुळे अमीबा असतात; एक घातक, दुसरा निरुपद्रवी. त्यांचं म्हणणं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९९३ साली ते सर्वमान्य झालं. २००७ साली जपानी संशोधकांनी जनुकं तपासून दाखवलं, की माकडांचा अमीबाही खरोखरच वेगळा आहे. कॅस्टेलानींचं नाव नव्व्याण्णव वर्षांनी परत आलं.

म्हणजे इतकी वर्षं माकडाच्या शौचात चार केंद्रकांचा कोष दिसला, की 'माणसाचा रोग माकडात' असं लिहिलं जाई. त्यातले कितीतरी अमीबा प्रत्यक्षात माकडांचेच असणार.

रानातल्या जनावराचं निदान आणखी अवघड. शौच शिळं झालं की अमीबा मरतो. जमिनीवरून उचललं तर मातीतले स्वैर अमीबे मिसळतात. शौच नेमकं कोणाचं, हेही ठरवावं लागतं. म्हणून आज कोष दिसला की न थांबता जनुकीय चाचणी करायची.

मात्र वेगळा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. २०१५ साली बेल्जियममधल्या प्राणिसंग्रहालयाच्या कर्मचाऱ्यात हाच अमीबा आढळल्याचं प्रसिद्ध झालं. तेव्हा माकडांना दोष देऊ नये, खाऊही देऊ नये. आणि जेवणाआधी हात मात्र साबणाने धुवावेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)