छप्पर, वादळ आणि विमा : घराच्या छताच्या नुकसानभरपाई दाव्याची ऐतिहासिक वाटचाल

गोषवारा
घराचे छप्पर हा वादळाचा पहिला बळी असतो. छताच्या हानीची भरपाई विम्यातून मागण्याची प्रथा मात्र भारतात फारशी रुजलेली नाही. प्रस्तुत शोधनिबंधात गृहविम्याच्या दाव्याचा विकास, त्यामागील कायदे व शर्ती आणि कोकणातील छताचे वास्तव यांचा परस्परसंबंध तपासला आहे.

बीजसंज्ञा : गृहविमा, दावा, सर्वेक्षक, शाकारणी, निसर्ग चक्रीवादळ

प्रस्तावना
३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील गावांमध्ये पत्रे उडाले, कौले फुटली, माड-पोफळी घरांवर कोसळल्या. पावसाळा तोंडावर असताना डोक्यावरचे छप्पर जाणे म्हणजे भिंती, धान्य आणि कपडालत्ता यांचीही हानी होय. अशा वेळी भरपाईची एक वाट तलाठ्याच्या पंचनाम्यातून जाते व दुसरी विमा कंपनीच्या सर्वेक्षकाकडून. या दोन वाटा इतक्या भिन्न का झाल्या, या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती
१) छताच्या हानीच्या दाव्याचा ऐतिहासिक विकास समजून घेणे. २) दावा कमी होण्याची वा नाकारला जाण्याची कारणे तपासणे. यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विमाविषयक कायदे, विमापत्रांच्या शर्ती आणि न्यायनिर्णय यांचा आधार घेतला आहे.

गृहविम्याचा उगम
१६६६ मध्ये लंडन शहरास लागलेल्या भीषण आगीत सुमारे १३,००० घरे भस्मसात झाली. त्यानंतर निकोलस बार्बन याने १६८० च्या सुमारास घरांसाठी अग्निविम्याचा व्यवसाय सुरू केला. विटांच्या घरापेक्षा लाकडी घरास दुप्पट दराने हप्ता आकारला जाई. घर कशाचे बांधले आहे, यावरून जोखीम ठरविण्याचे तत्त्व येथे स्पष्ट दिसते. वादळाचे संरक्षण मात्र या विम्याच्या मूळ कल्पनेत नव्हते. अग्निविम्याच्या चौकटीत वादळ, पूर व अन्य संकटे पुढे क्रमाक्रमाने सामावली गेली.

भारतात १८५० मध्ये कलकत्ता येथे ट्रायटन इन्शुरन्स कंपनी स्थापन झाली. १९०७ मध्ये इंडियन मर्कंटाइल इन्शुरन्स ही सर्वसाधारण विम्याचे सर्व प्रकार हाताळणारी पहिली भारतीय कंपनी उभी राहिली. तथापि गोदामे, गिरण्या आणि जहाजातील माल हेच या व्यवसायाचे मुख्य क्षेत्र होते. सामान्य माणसाचे घर त्याच्या परिघाबाहेरच राहिले.

१९४४ ची मुंबई
१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके व कापसाच्या गासड्या असताना आग लागून दोन प्रचंड स्फोट झाले. जळता कापूस आणि तप्त लोखंडाचे तुकडे दूरवरच्या छपरांवर पडले. साध्या अग्निविम्यात स्फोट ही सामान्यतः वेगळी जोखीम मानली जात असल्याने घर कशामुळे पडले, आगीमुळे की स्फोटामुळे, हा प्रश्न कळीचा ठरू शकत होता. अखेर सरकारने त्याच वर्षी भरपाईसाठी स्वतंत्र वटहुकूम काढला. हानी डोळ्यांसमोर असूनही तिचे ‘कारण’ ठरल्याशिवाय दावा उभा राहत नाही, हा धडा या घटनेतून मिळतो.

राष्ट्रीयीकरण ते प्रमाणित विमापत्र
१९३८ च्या विमा कायद्यात १९६८ मध्ये दुरुस्ती होऊन ₹२०,००० व त्याहून अधिक रकमेच्या दाव्यासाठी परवानाधारक सर्वेक्षकाचा अहवाल आवश्यक ठरला. १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा कंपन्यांचे विलीनीकरण होऊन चार सरकारी कंपन्या अस्तित्वात आल्या. १९९९ च्या कायद्याने नियामक प्राधिकरण आले व खाजगी कंपन्यांना वाट मोकळी झाली. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ हे प्रमाणित विमापत्र सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना उपलब्ध करून देणे बंधनकारक झाले. त्यात वादळ, चक्रीवादळ, पूर यांबरोबरच झाड कोसळून होणारी हानीही समाविष्ट आहे.

या विमापत्रातील महत्त्वाचा बदल अपुऱ्या विम्याशी संबंधित आहे. पूर्वीच्या शर्तीनुसार, समजा, घर पुन्हा बांधण्याचा खर्च १० लाख रुपये असताना विमा ६ लाखांचाच असेल, तर १ लाखाच्या हानीपोटी ६० हजारच मिळत. उर्वरित भार घरमालकाने स्वतःच उचलला आहे, असे गृहीत धरले जाई. ही कपात नव्या विमापत्रात वगळण्यात आली. मात्र कालौघात होणारी झीज व देखभालीअभावी झालेली हानी आजही विम्याबाहेर आहे.

शाकारणी आणि ‘झीज’
कोकणातील छताचा विचार येथे अगत्याचा ठरतो. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना सुरू केला आणि एकमेकांत अडकणारी मंगळुरी कौले किनारपट्टीवर पसरली. नळीची असोत वा मंगळुरी, फुटकी कौले बदलणे, कुजलेले वासे व रिपा काढणे हे काम मृगापूर्वी करण्याची पद्धत आहे. हीच शाकारणी. विम्याच्या परिभाषेत जिला ‘देखभाल’ म्हणतात, ती कोकणी माणूस पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. फक्त तिची नोंद ठेवण्याची सवय त्यास नाही. वासा वाऱ्याने मोडला की आधीच वाळवीने पोखरला होता, हा वाद सर्वेक्षणाच्या वेळी उद्भवतो, तेव्हा सुताराची पावती आणि छताचे जुने छायाचित्र बोलू लागते.

सर्वेक्षकाचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अंतिम शब्द नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले आहे. असमाधानी विमाधारकास विमा लोकपाल व ग्राहक आयोग यांचे दरवाजे खुले आहेत. तथापि छप्पर तातडीने झाकावे तर पुरावा नाहीसा होतो आणि न झाकावे तर पावसाने हानी वाढते, असा पेच घरमालकापुढे असतो. कंपनीला त्वरित कळविणे, छायाचित्रे घेणे, फुटके साहित्य राखून ठेवणे व मग तात्पुरती दुरुस्ती करणे, हाच त्यातील व्यवहार्य मार्ग होय.

निष्कर्ष
१) गृहविम्याच्या दाव्याचा इतिहास हा ‘आकस्मिक हानी’ आणि ‘झीज’ यांतील सीमारेषा आखण्याचा इतिहास आहे.
२) सरकारी मदत ठरावीक निकषांवर मिळणारा दिलासा असून विम्याचा दावा हा करारातून निर्माण होणारा हक्क आहे. एकीने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.
३) शाकारणीची परंपरा नोंदींच्या रूपाने जतन केल्यास ती दाव्याचा भक्कम आधार ठरू शकते. ग्रामपंचायत व महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून पावसाळ्यापूर्वी घराघरांच्या छतांची छायाचित्रे व नोंदी करून देता येतील.

वादळ थोपविणे मनुष्याच्या हाती नाही. पण उडालेल्या छपराचा हिशेब मागण्याची तयारी आधी करून ठेवणे निश्चितच त्याच्या हाती आहे.