तंबाखूचे पर्याय : एक ऐतिहासिक मागोवा

प्रायश्चित्तकाळ जवळ आला की आमच्या जालना जिल्ह्यातील ख्रिस्ती घरांतून बिडी-सिगारेट सोडण्याचे संकल्प होतात. कोणी ते पास्काच्या सणापर्यंत पाळतो, कोणाचा संकल्प पहिल्याच आठवड्यात मोडतो. अलीकडे या संकल्पाला एक नवी पुस्ती जोडलेली ऐकू येते : ‘यंदा सिगारेट बंद, तिच्या जागी व्हेप.’ पुण्या-मुंबईस नोकरी करणारी मुले सुटीत घरी येतात, तेव्हा विजेरीवर चालणारी ती नळी त्यांच्या खिशात असते. ‘सिगारेट सुटावी म्हणूनच घेतली,’ असे ती सांगतात आणि बहुधा मनापासून सांगतात. परंतु धूर हवा पण त्यातले विष नको, हा शोध आजचा नाही. तो चारशे वर्षांचा आहे, आणि त्याच्या उगमाशी आमच्या जालन्याचा दूरचा का होईना, संबंध पोहोचतो.

अकबराचा इतिहासकार अबुल फजल याने काही काळ जालन्यास वास्तव्य केले होते, असे सांगितले जाते. दख्खनहून परतताना १६०२ मध्ये त्याची हत्या झाली. त्याच्या पदरी अनेक वर्षे असलेला असद बेग पुढे बादशहाच्या आज्ञेने विजापूरला गेला. तेथे पोर्तुगीजांच्या व्यापारातून तंबाखू येऊन पोहोचली होती. असद बेगाने रत्नजडित चिलमीसह ती दरबारी आणली. बादशहाने कुतूहलाने दोन-चार झुरके घेतले, तेव्हा राजवैद्याने हरकत घेतली. ज्या वस्तूविषयी आपल्या ग्रंथांत काहीच सांगितलेले नाही, ती बादशहाला कशी द्यावी, असा त्याचा रोख होता. असद बेगाने नव्या वस्तूची बाजू मांडली. अकबराला तंबाखूची सवय लागली नाही, पण सरदारांना लागली आणि व्यापाऱ्यांनी तिची विक्री सुरू केली. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने मनाईहुकूम काढला. तोवर तंबाखू देशभर पसरत चालली होती.

धूर पाण्यातून नेला म्हणजे तो निर्मळ होतो, या समजुतीतून हुक्का मान्यता पावला. या युक्तीचे श्रेय अकबराचा हकीम अबुल फतह गिलानी याला देण्याची प्रथा आहे. मात्र तो १५८९ मध्येच वारला. असद बेगाची चिलीम दरबारात आली ती त्यानंतर दीड दशकाने, म्हणून या आख्यायिकेचा काळाशी मेळ बसत नाही. युक्ती कोणाचीही असो, तिच्यामागचा विचार ध्यानात घेण्याजोगा आहे. पाण्याने धूर थंड होतो आणि घशाला बोचत नाही. पण त्यातील निकोटीन, कार्बन मोनॉक्साइड व कर्करोगजनक द्रव्ये मोठ्या प्रमाणात तशीच राहतात. बोचत नाही म्हणून माणूस अधिक वेळ ओढतो. पर्यायाने अपाय झाकला, घटविला नाही.

ख्रिस्तसभेलाही या प्रश्नाला सामोरे जावे लागले. सेव्हिल येथील धर्माधिकाऱ्यांच्या तक्रारीवरून पोप आठवे अर्बन यांनी १६४२ मध्ये तेथील चर्चमध्ये तंबाखूचे सेवन करणाऱ्यांस बहिष्काराची शिक्षा सांगितली. १६५० मध्ये दहावे इनोसंट यांनी रोमच्या संत पेत्राच्या महामंदिरापुरता तसाच हुकूम काढला. १७२५ मध्ये तेरावे बेनेडिक्ट यांनी ही बंदी उठविली. त्या काळी तपकीर हा धुराला सभ्य पर्याय मानला जाई, आणि तिचे भोक्ते धर्मगुरूंमध्येही होते. पुढे २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये २०१८ पासून सिगारेट विकणे बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. विक्रीतून मोठे उत्पन्न मिळत असले तरी लोकांच्या आरोग्याला हानी करणाऱ्या व्यवहारात ख्रिस्तसभेने वाटेकरी होऊ नये, ही त्यामागची भूमिका होती. सुरुवातीची बंदी मंदिराच्या पावित्र्यासाठी होती, अखेरची माणसाच्या देहासाठी. हा फरक आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

विसाव्या शतकात आपल्याकडे बिडी पुढे आली. स्वदेशीच्या चळवळीत विलायती सिगारेटला पर्याय म्हणून तिला मान मिळाला. तेंदूचे पान, आपल्याच मातीतली तंबाखू आणि घरच्या घरी वळणारे हात, यांमुळे ती निरुपद्रवी असावी असा ग्रह झाला. प्रत्यक्षात तेंदूच्या पानातून हवा सहज खेळत नाही. त्यामुळे बिडी विझू नये म्हणून वारंवार आणि जोराने ओढावी लागते. आकाराने लहान असलेल्या बिडीतून निकोटीन व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नव्हे, तर पुष्कळदा अधिकच मिळतात.

पाश्चात्त्य देशांतही तेच घडत होते. १९५० मध्ये डॉल व हिल या ब्रिटिश संशोधकांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला. लोक धास्तावले आणि कारखानदारांनी फिल्टरची सिगारेट पुढे केली. १९५२ मध्ये अमेरिकेत केंट नावाची सिगारेट विशेष सुरक्षित म्हणून विक्रीस आली. तिच्या फिल्टरमध्ये १९५६ पर्यंत ॲस्बेस्टॉस वापरले जात होते, आणि ॲस्बेस्टॉस स्वतःच कर्करोगकारक आहे! त्यानंतर ‘लाइट’ सिगारेटी आल्या. त्या ओढणारे लोक नकळत खोल झुरके घेऊन निकोटीनची भरपाई करीत राहिले.

या मालिकेत वेगळा ठरला तो निकोटीनचा च्युइंग गम. स्वीडनमध्ये ओव्हे फेर्नो यांनी तो घडविला. त्यात धूर नाही, तंबाखू नाही आणि निकोटीन मोजून दिलेले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याचे सेवन हळूहळू कमी करून काही महिन्यांत थांबवावयाचे, हे सुरुवातीलाच ठरलेले असते. सोडण्याची तारीख घेऊन आलेला हा पर्याय होता.

आता व्हेपकडे वळू. चीनमधील औषधनिर्माते होन लिक हे स्वतः अट्टल धूम्रपान करणारे होते. त्यांचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले. २००३ च्या सुमारास त्यांनी ई-सिगारेट सिद्ध केली. यात काहीही जळत नाही. निकोटीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन व स्वादद्रव्ये यांचे मिश्रण तापून त्याची वाफसदृश फवार होते. जळण नसल्याने डांबर व कार्बन मोनॉक्साइड यांचा मारा सिगारेटच्या मानाने बराच कमी होतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

ब्रिटनमध्ये ८८६ जणांवर केलेली एक चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वांना समुपदेशन मिळाले होते. निम्म्यांना ई-सिगारेट दिली, निम्म्यांना गम वा पट्ट्यांसारखी निकोटीनची औषधे. वर्षअखेर पहिल्या गटातील १८ टक्के, तर दुसऱ्यातील ९.९ टक्के लोक सिगारेटपासून मुक्त होते. यश जवळजवळ दुप्पट! परंतु त्याच चाचणीतील दुसरी बाजूही पाहावी. ई-सिगारेटने यशस्वी झालेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही ती ओढतच होते, तर दुसऱ्या गटातील यशस्वी लोकांपैकी केवळ ९ टक्के औषधे घेत होते. सिगारेट सुटली होती, निकोटीन मात्र बहुतेकांचे सुटले नव्हते.

आपल्या देशात परिस्थिती आणखी निराळी आहे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने अध्यादेश काढला व त्याच वर्षी संसदेने कायदा केला. त्यानुसार ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा व जाहिरात यांवर बंदी आहे. उत्पादन, आयात, विक्री वा जाहिरात यांच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून ब्रिटनमधील चाचणीचा दाखला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथे मिश्रणावर नियमांचा अंकुश होता आणि सोबत समुपदेशक होता. येथे चोरून आणलेल्या नळीत काय भरले आहे, ते विकणाराही सांगू शकत नाही. २०१९ च्या उत्तरार्धात अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसे निकामी होण्याची साथ उसळली आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ जण दगावले. त्यातील बहुतेक प्रकरणांचा संबंध गांजातील अमली द्रव्य व जीवनसत्त्व ‘ई’चे तेल मिसळलेल्या, पुष्कळदा अनधिकृत मालाशी होता. चोरट्या बाजाराचा हा धडा विसरू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांना अधिक लागू आहे. २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करीत होते, तर २४.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू वापरीत होते. म्हणजे आपल्याकडे बिडीचा खरा पर्याय व्हेप नसून चुन्याबरोबर मळलेली तंबाखू, गुटखा आणि घरातल्या बायकांची मिसरी हाच आहे. २०१२ मध्ये राज्याने गुटख्यावर बंदी घातली, तरी सवय टिकून राहिली. ‘बिडी सोडली, आता फक्त मळून खातो,’ असे समाधानाने सांगणाऱ्याने फुप्फुस थोडे वाचविले असेल, पण तोंडाचा कर्करोग ओढवून घेतला असण्याचा संभव आहे.

वाचकहो, या इतिहासाकडे पाहताना आम्हाला सर्वच पर्याय टाकाऊ वाटत नाहीत. आधाराची काठी घेण्यात कमीपणा नाही. मात्र कोणत्याही पर्यायाला तीन प्रश्न विचारावेत. यात काय आहे, हे मला ठाऊक आहे काय? याची मात्रा दर आठवड्याला घटते आहे काय? आणि हा पर्याय मी स्वतः कोणत्या तारखेला सोडणार? हुक्का, बिडी, फिल्टर यांपैकी एकालाही तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. व्हेपलाही ते बहुधा देता येत नाही. निकोटीनचा गम, डॉक्टरांचा सल्ला आणि १८००-११-२३५६ या राष्ट्रीय दूरध्वनीसेवेवर मिळणारे विनामूल्य मार्गदर्शन, हे मार्ग कायदेशीर आहेत आणि त्यांना शेवट आहे.

ज्यांचा संकल्प पुन्हा मोडला आहे, त्यांच्या कुटुंबीयांना एक विनंती आहे. तंबाखू सोडणारा बहुधा एका प्रयत्नात सोडीत नाही. पहिला आठवडा सर्वांत कठीण असतो. चिडचिड, निद्रानाश, बेचैनी ही लक्षणे निकोटीन तुटल्याची असतात, स्वभाव बिघडल्याची नव्हेत. तीन-चार आठवड्यांत ती बरीच ओसरतात. त्या दिवसांत टोमणे आवरावेत, घरातील तंबाखूची डबी काढून टाकावी आणि मागल्या खेपेला संकल्प कोठे मोडला ते त्याच्याबरोबर बसून शांतपणे पाहावे. मागील प्रयत्न वाया जात नाही. वाट कोठे निसरडी आहे, हे त्यानेच दाखविलेले असते.