दौत-कलम, मेलेले ढोर आणि पेनाचा चामडी पाऊच

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येताना हार-फुले, मेणबत्त्या नकोत, एक वही आणि एक पेन आणा, असे आवाहन गेली काही वर्षे चळवळीतले लोक करीत आहेत. ते योग्यच आहे. बाबासाहेबांना पेनांचा भारी शौक होता हे त्यांच्या सहवासातल्या माणसांनी लिहून ठेवले आहे, आणि गावोगावच्या पुतळ्यांच्या कोटाच्या खिशात पेन असतेच. आता आपल्या शिकल्यासवरलेल्या तरुणांत शाईच्या पेनाची आवड पुन्हा दिसू लागली आहे. एकाची पाच पेने झाली की ती ठेवायला चामडी पाऊच हवासा वाटतो आणि तिथे वाद सुरू होतो. एक म्हणतो, ज्या चामड्यापायी आपल्या पिढ्या गावकुसाबाहेर राहिल्या ते चामडे पेनाभोवती कशाला गुंडाळायचे? कापडाचा घ्या, रेक्झिनचा घ्या. दुसरा म्हणतो, चांगला दिसतो तो घ्यावा, वस्तूला कसली आली जात?

दोघेही घाईत आहेत. वस्तूला जात नसते, पण ती बनवणाऱ्याला होती आणि विकणाऱ्यालाही होती. या दोघांच्या मध्ये पैसा आणि मान कुठे अडकला, हे तपासल्याशिवाय पाऊच निवडता येणार नाही. म्हणून आधी इतिहास.

जुन्या गावगाड्यात लेखणी आणि कातडे ही दोन्ही वतनेच होती. कुळकर्ण्याकडे दौत, कलम आणि दप्तर. ते बापाकडून मुलाकडे जायचे, मुलाला लिहिता येवो की न येवो. महाराकडे मेलेले ढोर. तेही बापाकडून मुलाकडेच जायचे. कुळकर्ण्याच्या वतनातून जमिनीची नोंद, सारा, गहाणखत आणि त्यातून सत्ता निघत होती. महाराच्या वतनातून बेगार निघत होती. महाराने ढोर ओढून न्यायचे, ढोर समाजाने कातडे कमवायचे, चांभाराने त्याची पायताणे, मोटा, पखाली करायच्या, मातंगाने दोर वळायचे, वाद्ये वाजवायची. प्रांताप्रांतात थोडाफार फरक असेल, पण साखळी हीच. एकाच कातड्यावर जगणाऱ्या या जातींमध्ये आपापसात रोटीबेटी नव्हती. प्रत्येकाला आपल्या खालचा कुणीतरी दाखवून दिलेला होता. १९३६ साली 'जातिनिर्मूलन'मध्ये बाबासाहेबांनी जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे असे मांडले. त्याचे उदाहरण शोधायला कातड्याच्या धंद्यापलीकडे जावे लागत नाही.

आणि विटाळाचे म्हणाल, तर मोटेकडे बघा. विहिरीवर इंजिन येण्यापूर्वी महाराष्ट्रातली बागायत मोटेवर उभी होती. मोट चामड्याची. ती दिवसभर विहिरीच्या पाण्यात बुडायची, तेच पाणी उसाला जायचे आणि तहान लागली की तेच प्यायले जायचे. मोट शिवणाऱ्याने मात्र त्या विहिरीला शिवायचे नाही! देवळात मृदंग चालतो, पूजेच्या आसनाला मृगाजिन चालते. म्हणजे चामडे कधीच अपवित्र नव्हते. ज्याला फुकट राबवून घ्यायचे त्याचा हात तेवढा अपवित्र ठरवला होता. चामड्याचा पाऊच नको म्हणणाऱ्या मित्राने हे ध्यानात घ्यावे. किळस चामड्याची धरली तर ब्राह्मणी व्यवस्थेने शिकवलेली किळसच आपण चालू ठेवतो.

मग बाबासाहेबांनी हे काम सोडायला का सांगितले? मार्च १९२७ च्या महाड परिषदेत मृत जनावरे ओढण्याचे आणि त्यांचे मांस खाण्याचे बंद करा, हा विषय ठळकपणे होता. पुढच्याच वर्षी त्यांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. त्या काळातली एक हकिकत त्यांनी धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरच्या भाषणात सांगितली आहे. 'केसरी'त पत्रे छापून येत होती. हिशोब असा की गावात वर्षाला पन्नासेक जनावरे मरतात, त्यांची कातडी, शिंगे, खुरे, हाडे विकून पाचशे रुपये होतात, आणि आंबेडकर आपल्या लोकांचे हे उत्पन्न बुडवत आहेत. बाबासाहेबांचे उत्तर साधे होते. एवढा फायदा असेल तर तुम्हीच हे काम करा, वर पाचशे रुपये मी माझ्या खिशातून देतो.

या उत्तरात अर्थशास्त्र आहे. धंद्यात फायदा असता आणि तो मिळवण्याचे स्वातंत्र्य असते, तर स्पर्धेला सगळे आले असते. ज्या कामाला स्पर्धक नाही, जे नाकारता येत नाही आणि ज्याचा भाव करणाऱ्याला ठरवता येत नाही, त्याला धंदा म्हणत नाहीत. बाबासाहेबांचा विरोध त्या सक्तीला होता. कमावलेल्या चामड्यावर त्यांचा राग असता तर १९४८ च्या आपल्या अस्पृश्यतेच्या मुळावरील ग्रंथाची अर्पणपत्रिका त्यांनी नंदनार आणि चोखामेळ्याबरोबर रविदासांच्याही नावे लिहिली नसती.

उलट बाजूला गांधीवाद्यांनी काय केले? वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय काढले, मेलेल्या जनावराच्या 'अहिंसक' चामड्याचा प्रचार केला. तंत्र सुधारले, स्वच्छता आली, ते नाकारायचे कारण नाही. पण वडिलोपार्जित काम हेच धर्मकार्य, ते प्रेमाने करा, या उपदेशाचे काय? घाणीच्या कामाला पावित्र्याचा मुलामा देऊन ते त्याच जातींच्या गळ्यात ठेवण्याच्या या युक्तीवर बाबासाहेबांनी १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरील ग्रंथात आसूड ओढला. आज 'पारंपरिक वारसा', 'पिढ्यान्‌पिढ्यांचे कौशल्य' अशी चिठ्ठी लावून महागडे पाऊच विकले जातात, तेव्हा मला तोच मुलामा आठवतो. वारसा कुणी मागून घेतला होता?

आता थोडे दूर जाऊ. १८८४ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झ याला क्रोमच्या क्षारांनी कातडे कमावण्याचे पेटंट मिळाले. पुढच्याच महिन्यात त्याच शहरातल्या लुईस वॉटरमनला फाउंटन पेनचे पेटंट मिळाले. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण आज तुमच्या हातातले पेन आणि बाजारातले बहुतेक चामडी पाऊच हे या दोन कागदांचे वंशज आहेत. साली-पाल्यात कातडे मुरवायला आठवडेच्या आठवडे लागत. क्रोमने ते काम दिवसांवर आणले.

तोवर भारतात कातड्याचे मोठे भांडवल उभे राहिले होते. मद्रासकडे तरवडाच्या सालीत कमावलेले कातडे लंडनच्या बाजारात जात होते. कानपुरात १८५७ नंतर लष्करासाठी खोगीर आणि बुटांचे कारखाने निघाले. सरकारी हार्नेस अँड सॅडलरी फॅक्टरी आणि कूपर ॲलन ही त्यातली मोठी नावे. ज्या क्षणी कातड्यात नफा दिसला, त्या क्षणी भांडवलवाल्यांचा विटाळ संपला. मालक गोरे आणि व्यापारी, चुन्याच्या हौदात उतरणारे पाय मात्र चमारांचे. तरी शहराने एक गोष्ट दिली, रोख मजुरी. गावचा पाटील जे कधीच देणार नव्हता ते. पुढे स्वामी अछूतानंदांच्या आदि हिंदू चळवळीला कानपुरात पाय रोवता आले, ते या मजूरवस्त्यांमुळे.

पण कातडे आणि लेखणी यांची गाठ सगळ्यात स्पष्ट दिसते ती पंजाबात, मंगू रामांच्या घरी. होशियारपूर जिल्ह्यातल्या मुग्गोवालचे हे कुटुंब. वडिलांनी कातडे कमावण्याचे काम सोडून चामड्याचा व्यापार धरला होता. मालाच्या मागण्या इंग्रजीत लिहून येत आणि त्या वाचता येत नसत. वाचून घ्यायला सवर्णाच्या दारी जायचे आणि एका पत्राच्या वाचनापोटी त्याच्याकडे बेगार करायची. म्हणून बापाने पोराला शाळेत घातले. पोरगा वर्गाबाहेर बसून शिकला. १९०९ साली अमेरिकेला गेला, गदर चळवळीत पडला, परतला आणि १९२६ मध्ये आद धर्म उभा केला. १९३१ च्या जनगणनेत चार लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म 'आद धर्मी' असा नोंदवला. या चळवळीला पैसा कुठून आला? जालंधरच्या बुटा मंडीतल्या चमार चामडे-व्यापाऱ्यांकडून. मागणीपत्र स्वतः वाचता आले, भाव स्वतः करता आला, तेव्हा त्याच कातड्यातून चळवळीची वर्गणी निघाली.

आपल्याकडे हे का झाले नाही, की थोडे झाले? धारावीचा इतिहास पाहा. मुंबईच्या वेशीवर ढकलले गेलेले कातड्याचे काम तिथे ढोर समाजाने केले, तमिळ मुस्लिमांनी केले. पुढे कमावण्याचे कारखाने हलले, बंद पडले; शिवणकाम उरले. सायन-वांद्रे लिंक रोडच्या दुकानांमागच्या माळ्यांवर आजही पाकिटे, पट्टे, पिशव्या होतात आणि त्यातल्या कित्येकांवर दुसऱ्याच कंपनीचा शिक्का बसतो. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने गेली. १९७४ मध्ये राज्याचे चर्मोद्योग महामंडळ आले. पण महामंडळाचे कर्ज मिळाले तरी शोरूम मिळत नाही. २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलापर्यंत वाढला आणि कच्च्या कातड्याचा पुरवठा आक्रसला. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना तालुक्यातल्या मोटा समढियाळा गावी मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या तरुणांना भर रस्त्यात मारले. त्यानंतर सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीसमोर लोकांनी मेलेली ढोरे आणून टाकली. 'केसरी'तल्या पत्रांना दिलेले उत्तर एकोणनव्वद वर्षांनी पुन्हा, तुमची गाय, तुम्हीच उचला.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या मंचावर तसल्याच चपला कुठलेही नाव न घेता मिरवल्या आणि ओरड झाल्यावर मूळ भारतीय असल्याचे मान्य केले. समाजमाध्यमांवर 'महाराष्ट्राचा अभिमान' उसळला. त्या अभिमानात चर्मकार हा शब्द किती जणांनी उच्चारला?

तर पाऊच निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा, शिवला कुणी? नाव सांगता येत नसेल तर 'हँडमेड' या शब्दाला किंमत देऊ नका. हात कुणाचा ते सांगा म्हणावे. जिथे कारागीर स्वतः भाव सांगतो तिथे जा आणि तिथे घासाघीस करू नका. मॉलमध्ये आपण करत नाही. कोल्हापूर, धारावी किंवा तुमच्या तालुक्याच्या बाजारपेठेत खोका टाकून बसलेला चर्मकार बंधू, यांपैकी कुणालाही पेन मोजायला देऊन पाऊच शिवून घेता येतो. त्याला कप्प्याची लांबी-जाडी नीट सांगा. पाऊच करायची सवय नसेल तर पहिला थोडा ओबडधोबड होईल, दुसरा चांगला होईल.

दुसरा प्रश्न, कमावले कशात? बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले चामडे ताठ असते, आकार धरून ठेवते, वापराने काळसर-तांबूस होत जाते. पेनाला हा ताठपणा उपयोगी, कारण बॅगेतला दाब पेनापर्यंत पोहोचत नाही. क्रोमचे मऊ असते, पाणी बरे सोसते, रंग टिकवते. कापलेली कड पाहा. वरचा रंग आतवर नेलेला नसेल तर क्रोमच्या चामड्याचा गाभा निळसर-राखाडी दिसतो. क्रोम वाईटच असे मी म्हणणार नाही, पण त्याचे पाणी कुठे जाते ते विचारायला हवे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पालार नदी नासवणाऱ्या टॅनऱ्यांविरुद्ध जो निकाल दिला, त्या टॅनऱ्या ज्या जिल्ह्यात होत्या त्याचे तेव्हाचे नाव होते उत्तर अर्काट आंबेडकर जिल्हा! आणि साल-हिरड्याचे चामडे म्हणजे निर्मळ, हेही खरे नाही. त्यालाही चुना लागतो, खरवडणारे हात लागतात. हातमोजे दोन्हीकडे हवेत.

बाकी गोष्टी पटकन सांगतो. प्रत्येक पेनाला वेगळा कप्पा हवा, नाहीतर क्लिपा एकमेकांना ओरखडतात. झाकणाला चुंबक असण्यापेक्षा वादी किंवा खाच बरी, ती बिघडली तर तोच कारागीर दुरुस्त करतो. 'जेन्युइन लेदर' या शिक्क्यावरून दर्जा कळत नाही, आणि चामड्याचा भुगा चिकटवून केलेले 'बाँडेड लेदर' वर्षा-दोन वर्षांत सोलपटते. साल-हिरड्याच्या चामड्यात थोडी आम्लता असते, त्यामुळे चांदीच्या किंवा पितळी बांड्याचे पेन महिनोन्‌महिने त्यात ठेवले तर काळे पडते. आत सुती अस्तर लावून घ्या. एबोनाइटच्या पेनाला उजेड आणि ओल दोन्ही बाधतात, त्याला चामडी पाऊच मानवतो. जुने सेल्युलॉइडचे पेन मात्र बंद पाऊचमध्ये कोंडू नका, त्यातून निघणारी वाफ कोंडली की ते स्वतःही कुजते आणि शेजारच्या पेनांनाही खराब करते. शाई भरलेली पेने निब वर करून ठेवा, आणि महिनाभर वापरायचे नसेल ते पेन धुऊन, कोरडे करून मगच पाऊचमध्ये घाला.