भेंड्या
एका पक्षाने म्हटलेल्या पद्याच्या अंत्याक्षराने दुसऱ्या पक्षाने नवे पद्य सुरू करावयाचा, पाठांतरावर आधारलेला खेळ. मराठी शब्द ‘ण’ वा ‘ळ’ ने सुरू होत नसल्याने त्यांऐवजी अनुक्रमे ‘न’ व ‘ल’ घेण्याचा प्रघात आहे. श्लोक, अभंग व कविता यांच्या जोडीला पुढे भावगीते व चित्रपटगीते आली; या दोन्ही प्रकारांत पूर्वीच्या औंध संस्थानातील माडगूळचे कवी ग. दि. माडगूळकर (१९१९–७७) यांनी विपुल रचना केली. झी दूरचित्रवाहिनीवर १९९३ मध्ये सुरू झालेल्या, अन्नू कपूर यांनी सूत्रसंचालन केलेल्या ‘अंताक्षरी’त ‘दीवाने’, ‘परवाने’ व ‘मस्ताने’ हे संघ हिंदी चित्रपटगीते गात. केवळ धून ऐकून गीत ओळखण्याची फेरीही असे. अंत्याक्षराचा दुवा टिकला. पद्यसंग्रह मात्र चित्रपटगीतांपुरता आकुंचित झाला.